आधी काय धाडलंस

बाबूने सरपंचाच्या थोबाडीत मारली ती सकाळी दहा पन्नासला, आणि अकरा वाजायच्या आत ती सगळ्या महाराष्ट्राने पाहिली. मधल्या आठ-नऊ मिनिटांत जे झालं, ते सोनलने केलं होतं.

सोनल तोरसकर मालवणची. बापाचा बाजारात फोटो स्टुडिओ. पाच वर्षं ती मुंबईच्या एका वृत्तवाहिनीला तालुक्यातल्या बातम्या पाठवत होती. नोकरी अशी नव्हती. बातमी लागली तर वाहिनीची, नाही लागली तर कोणाचीच नाही. काय लागतं हे आता तिला पाठ झालं होतं. किनाऱ्यावर आलेला मेलेला देवमासा लागतो. वाळूत गाडी रुतवून बसलेले पर्यटक लागतात. बिबट्या विहिरीत पडला तर तो बाहेर येईपर्यंत दर अर्ध्या तासाने लागतो. आरोग्यकेंद्रात डॉक्टर नाही, ही बातमी तिने चार वेळा पाठवली होती आणि चारही वेळा ती लागली नव्हती.

खाजणवाडीची जेटीही लागत नव्हती. वाडी खाडीपलीकडे. बाजारात यायचं तर होडी, नाहीतर अकरा किलोमीटरचा वळसा. जेटीच्या खालच्या चार पायऱ्या दोन पावसाळ्यांपूर्वी वाहून गेल्या होत्या. भरतीला काही वाटायचं नाही, पण ओहोटीला होडीतून वरच्या पायरीवर अक्षरशः उडीच मारावी लागे. हौसाबाई बासष्ट वर्षांची. तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, टोपली डोक्यावर घेऊन रोज बाजारात यायची. एके दिवशी परत जाताना तिचा पाय सुटला, डोकं उघड्या सळीवर आपटलं, आणि माणसं तिला वर काढेपर्यंत सगळं संपलं होतं.

सोनलने ती बातमी पाठवली. कुठली बातमी घ्यायची आणि कुठली किती नंबरला लावायची हे मुंबईत सर्वेश म्हणून एक जण ठरवायचा. त्याचा फोन आला. "जेटी मोडलीय, बाई पडली. वाईट झालं. पण यात दाखवू काय मी? मोकळी जेटी? काही घडलं तर सांग."

बारा दिवसांनी घडलं. वाडीतली शे-सव्वाशे माणसं जेटीवर जमली. हौसाबाईचा मुलगा बाबू पुढे होता. बाबू परदेशी जाणाऱ्या मालाच्या बोटीवर मोटरमन, इंजिनाच्या कामावर. सुट्टीवर आला होता, आणि वीस तारखेला त्याला पुन्हा बोट धरायची होती. बंदरखात्याच्या कार्यालयातून एक साहेब आले. सोनलने सगळं नीट घेतलं. मोडक्या पायऱ्या, उघडी सळी, बायकांचं बोलणं, बाबूचं बोलणं, साहेबांचं "प्रस्ताव वर गेलेला आहे." सरपंच परशुराम साहेबांच्या बाजूला उभा होता. माणसं ऐकेनात म्हटल्यावर तो पुढे झाला आणि बाबूला म्हणाला, "तुझ्या आवशीक किती येळा सांगितलंय, पाणी उतारल्यार जाव नको म्हणान. तिना आयकला नाय. आता सरकारान काय करूचा?"

बाबूने हात उगारला तो तेव्हा. एकच थोबाडीत. मग चार माणसं मधे पडली, कोणाची तरी छत्री मोडली, परशुरामची टोपी पाण्यात गेली. सगळं मिळून बावीस सेकंद.

सोनलने ती बावीस सेकंदं कापून सर्वेशला धाडली. खाली लिहिलं, "आंदोलनात सरपंचाला मारहाण." मागे काय बोलणं झालं ते त्या तुकड्यात नव्हतं. ते घेतलं असतं तर तुकडा लांबला असता आणि हात उठायच्या आत सर्वेशने तो बंद केला असता. उरलेलं मागाहून पाठवू, असं तिच्या मनात होतं. पण दोन मिनिटांत वाहिनीचा फोन आला की थेट बोला. निवेदिकेने विचारलं, "सोनल, हा तरुण नशेत होता असं कळतंय, काय सांगशील?"

बाबू दारूला शिवत नाही हे सोनलला ठाऊक होतं. पण निवेदिकेला थेट कार्यक्रमात खोटं पाडायचं नसतं, हेही तिला पाच वर्षांत कळलं होतं. ती म्हणाली, "त्याबाबत अधिकृत माहिती अजून मिळालेली नाही."

दिवसभर तीच पहिली बातमी होती. लाल पट्टीवर अक्षरं पळत होती: 'मालवणात राडा. दारूच्या नशेत सरपंचावर हल्ला?' उरलेली सहा मिनिटं तिने अकरा चाळीसला पाठवली. ती सर्वेशने उघडूनसुद्धा पाहिली नाहीत.

परशुरामची त्या दिवशी तक्रार करायची इच्छा नव्हती. आपण काय बोललो हे त्याला माहीत होतं. पण संध्याकाळपर्यंत त्याला कणकवलीपासून वेंगुर्ल्यापर्यंतचे पक्षातले फोन आले. टीव्हीवर मार खाल्लास, आता गप्प बसलास तर पुढच्या निवडणुकीला तोंड दाखवू नकोस. दुसऱ्या दिवशी त्याने पोलिसांत तक्रार दिली. तिसऱ्या दिवशी बाबूच्या कंपनीच्या मुंबईतल्या एजंटने कळवलं की पोलिस केस आणि दारूचं प्रकरण मिटेपर्यंत येऊ नये, त्याच्या जागी दुसरा माणूस जाईल.

चौथ्या दिवशी सोनल खाजणवाडीला निघाली. होडीवाल्याने तिला पाहिलं आणि दोर सोडला. होडीत चारच माणसं होती. ती म्हणाली, "जागा आसा ना." तो म्हणाला, "तुका नाय." एवढंच बोलून त्याने वल्हं मारलं. मग ती स्कूटरने वळसा घालून गेली.

बाबूच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, त्याची बायको विनीता सुपात तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"कित्याक इलंस? आणखी काय काढूचा रवला?"

"बाबूदादाक भेटूचा होता."

"भेटान काय करतलंस? तो शुद्धीत आसा काय नाय, ता बघूक इलंस?"

बाबू आतून आला. तिने बसायला खाली बघितलं तसा तो म्हणाला, "बसा नको. उभीच रव." आवाज चढलेला नव्हता. त्याने हात पुढे केला. "मोबाईल दी. त्या मुंबयवाल्यांक तू आधी काय धाडलंस ता माका बघूचा आसा."

सोनल देऊ का नको अशी क्षणभर थांबली. मग तिने सर्वेशला पाठवलेले संदेश उघडून फोन त्याच्या हातात दिला. बाबूने चष्मा लावून सावकाश वाचलं, बोटीवरची नोंद वाचावी तसं.

"दहा बावन्न. ह्यो मी." त्याने बोट खाली सरकवलं. "अकरा चाळीस. ही आवस. मधी पावणो तास काय करी होतंस?"

रेंज नव्हती, असं सांगता आलं असतं. खाडीकाठी रेंज नसतेच. त्याने मानलंही असतं. सोनल म्हणाली, "टीव्हीवर बोली होतंय."

"आमी आयकला ता," विनीता म्हणाली. "माहिती मिळाली नाय म्हणालंस. ह्या घरात येवन चाय पिवन गेलेली तू. आवशीच्या हातची. आणि तुका माहिती नाय?"

"थेट चालू आसताना तसा बोलूक जमणा नाय."

"नाय म्हणाक जमणा नाय? दोन अक्षरां?"

बाबूने फोन परत दिला. "पयला माका कित्याक धाडलंस तेवढा सांग. खरा सांग."

"नायतर घेतला नसता. पायऱ्यांचा मी आधी पाठवलेला. आवस गेली तेवाच पाठवलेला. तेनी घेतला नाय. माका वाटला, मारामारीच्या मागसून जेटी दाखवतीत."

"पाच वर्सां तेंच्यासाठी काम करतंस," बाबू म्हणाला, "आणि तुका तसा वाटला."

तो आत गेला. विनीताने सूप उचललं आणि दार लावून घेतलं. शेजारच्या खळ्यांतून तीन-चार बायका उभ्या राहून बघत होत्या. कोणीतरी "इकून खाल्लान आमका" असं म्हटलं. आवाज मुद्दाम तिला ऐकू जाईल एवढाच होता. स्कूटरपाशी आली तर दोन्ही चाकांतली हवा गेलेली. तीन किलोमीटर ती गाडी ढकलत आली. वाटेत दोन रिक्षा गेल्या, ओळखीच्या. थांबली एकही नाही.

पंप सापडला तिथूनच तिने सर्वेशला फोन लावला.

"सर, ती उरलेली सहा मिनिटं दाखवा. त्या माणसाची बोट गेली. तो दारू पीत नाही."

"आपण कुठे म्हटलं पितो? प्रश्नचिन्ह होतं."

"प्रश्नचिन्ह कोण वाचतं?"

"सोनल, चार दिवस झाले. आज माझ्याकडे पुण्यातली इमारत आहे, एका नटाचा घटस्फोट आहे. तुझी जेटी मी कुठे बसवू?"

"तिसावी लावा. पण लावा."

"तिसावी लावली तर कोणी बघत नाही, आणि वर लावली तर लोक चॅनल बदलतात. तुला हे शिकवावं लागतंय? आणि चढ्या आवाजात नको. तुझ्या तालुक्यातून तिघांचे अर्ज आहेत माझ्याकडे."

तो रागावलेलासुद्धा नव्हता, आणि सोनलला त्याचाच जास्त संताप आला. पण संतापाला तोंड कुठे फोडणार? दहा बावन्नला फोनवर दाबलेलं बोट तिचंच होतं. त्याने मागितलं नव्हतं. काय आवडेल ते तिने ओळखून पुढे केलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने सगळं चित्रण, न कापलेलं, बाबूच्या वकिलाला दिलं आणि एक प्रत पोलिस ठाण्यात नेऊन दिली. जबाबात लिहून दिलं की आरोपी नशेत नव्हता, मी चार फुटांवर होते. हवालदार म्हणाला, "हे टीव्हीवर सांगायचं होतंत." तिने मान हलवली आणि सही केली.

आता परशुराम बिथरला. त्याचं बोलणं त्या चित्रणात स्वच्छ ऐकू येत होतं, आणि ते आज ना उद्या गावभर होणार होतं. तो स्टुडिओत आला आणि तिच्या बापासमोर उभा राहिला. "माका मार बसलो तो तुझ्या चेडवान जगाक दाखवल्यान. आता माझाच तोंड काळा करूक निघाली. तिका इचार, ती नक्की खयच्या बाजूची?"

बापाने सोनलकडे बघितलं. ती म्हणाली, "तुमी बोललात ताच आसा तेच्यात. मी एक अक्षर घालूक नाय."

"तेवा कापलंस कित्याक?" परशुराम म्हणाला. त्याचाही प्रश्न चुकीचा नव्हता.

आठवड्याभरात वाहिनीने तिच्याकडचा माइक आणि ओळखपत्र परत मागवलं. आपली सामग्री परस्पर बाहेर दिली, असं कारण लिहिलं होतं. तिच्या जागी घेतलेला, ओमकार नावाचा कुडाळचा एक जण सामान न्यायला आला. त्याने विचारलं, "ताई, काय काय घेतात ते लोक?" सोनल त्याला म्हणाली, "तुझा तुका कळात." मग तिला वाटलं, सांगायला हवं होतं. पण काय सांगायचं, ते तिला जुळवता आलं नाही.

परशुरामने महिन्याभराने तक्रार मागे घेतली. सोनलच्या चित्रणामुळे, की वाडीतल्या बायकांनी त्याच्या घरी हळदीकुंकवाला जायचं टाकलं म्हणून, हे नक्की कोणी सांगू शकत नाही. बाबूची बोट तोवर सिंगापूरला पोचली होती. त्याला दुसरी मिळाली ती तीन महिन्यांनी, लहान कंपनीची, एक पायरी खालच्या कामावर. जेटीच्या पायऱ्या मार्चमध्ये बांधून झाल्या. त्या दिवशी कॅमेरा घेऊन कोणी आलं नाही. नारळ वाडीनेच फोडला.

एप्रिलात सोनल एका बारशाचे फोटो काढायला पलीकडे निघाली होती. होडीवाला आता तिला घेत असे, बोलत नसे. खाजणवाडीच्या धक्क्याला होडी लागली तेव्हा बाबू बॅग घेऊन उभा होता, मुंबईला निघालेला. सोबत विनीता, पोहोचवायला. सोनल उतरायची तर दोघांच्या समोरूनच उतरावं लागणार होतं. नव्या पायरीवर तिने पाय ठेवला. हातात फोन होता, बारशाचं घर कुठलं ते बघायला काढलेला.

"तो आत ठेव," विनीता म्हणाली.

सोनलने तो पिशवीत टाकला आणि बाजूला झाली. बाबू तिच्याकडे न बघता खाली उतरला, होडीत बसला, बॅग मांडीवर घेतली. होडीवाल्याने दोर सोडला. विनीता वरच थांबून होडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली, आणि सोनलला वर चढायला वाट तिच्याच अंगावरून होती, म्हणून सोनलही तिथेच खालच्या पायरीवर उभी राहिली.