खळ्यातला दगड मोरीत आला

मी एक जुना दगड आहे. माझ्या मालकाच्या, महिपतच्या मुलाचे, भावेशचे लग्न झाले ते २०१७ साल. मांडव माझ्याच खळ्यावर पडला होता. त्याआधीच्या मार्गशीर्षात माझ्यावर शेवटचे भात झोडले गेले आणि लग्नानंतर वर्षाच्या आत माझ्यावर परक्यांची धुणी आपटली जाऊ लागली. खळ्यातून मी मोरीत आलो, आणि तेही जागचा न हलता.

मित्रांनो, माझा जन्म सिद्धगडाच्या पायथ्याच्या ओढ्यातला. पाण्याने घासून घासून माझी पाठ सपाट आणि जराशी उतरती केली होती. महिपतच्या आजोबांनी मला तिथे पाहिले, चार माणसे लावून बैलगाडीत चढवले आणि मुरबाडजवळच्या आपल्या गावी आणून खळ्याच्या मधोमध बसवले. खळे म्हणजे भात झोडण्याची जागा. दरवर्षी पाणी शिंपून, लाकडी चोपण्याने चोपून, वर शेणाने सारवून ती जमीन अशी कडक करत, की सांडलेला दाणा मातीत रुतत नसे, वेचून घेता येई. माणसे पेंढी उचलून माझ्या पाठीवर आपटत आणि दाणे तडतडत खाली पडत.

"असा दगड तालुक्यात नाय," महिपत पाहुण्यांना सांगे. "पेंढीत एक दाणा राहू देत नाय."

मला ते ऐकायला आवडे. आता कबूल करायला लाज कसली?

खळ्याचा एक नियम होता. खळ्यात पायताण न्यायचे नाही. धान्य जिथे पडते तिथे चप्पल घालून जायचे नाही, मग तो पाटील असो की पाहुणा. महिपतची बायको सुंदरा नवी नवरी म्हणून आली, तेव्हा सासूने तिला चूल दाखवायच्या आधी हा नियम सांगितला. खळ्याच्या कडेला चपला काढायच्या, पाय झटकायचे आणि मग आत यायचे. सुंदराने तो पाळला. पुढे तोच तिला कसा भोवला, ते सांगतो.

भावेशचे लग्न झाले आणि त्याने शेतीला हात जोडले. आसपास कंपन्या वाढल्या होत्या. तिथे कामाला येणाऱ्यांना राहायला खोल्या हव्या होत्या. खळ्याच्या एका अंगाला पाच खोल्यांची ओळ उभी राहिली. खोल्यांच्या मागे सगळ्यांची मिळून एक मोरी आणि दोन संडास. मी आयताच होतो, म्हणून माझ्याभोवती कोबा घालून मला धुण्याचा दगड केले.

संडासाची टाकी कुठे घ्यायची, असे गवंड्याने विचारले. महिपत म्हणाला, "खळ्यातच घ्या. चार पिढ्यांनी चोपलेली जमीन हाय. खचायची नाय."

जमीन खचली नाही, हे खरे. पण जी जमीन दाणासुद्धा पोटात घेत नसे, ती सांडपाणी कशी घेणार? हा विचार कुणाच्या डोक्यात आला नाही. टाकीतून झिरपणारे पाणी मुरेना. ते खळ्यावरच काळे डबके करून राहू लागले.

सुंदराला कुणी विचारलेच नव्हते. टाकीसाठी पहिली पहार पडली, तेव्हा ती कडेला तोंडाला पदर लावून उभी होती.

मित्रांनो, आता जे सांगणार आहे ते ऐकून तुम्हाला शिसारी येईल. मला रोज येते. तुम्हाला निदान तोंड फिरवता येते.

सकाळी पहिली माझ्यावर पडते ती गुटख्याची लाल पिचकारी. मग कुणी मासे घासते आणि खवले माझ्या कडेला चिकटून वाळतात. कोंबडीची पिसे, कुणाच्या विंचरलेल्या केसांचे गुंतवळे, तीन दिवसांचा आंबलेला भात, बाळाचा भरलेला लंगोट, सगळे मोरीच्या तोंडाशी येऊन थांबते. वर साबणाचा फेस आणि त्यावर माशा. घाण सगळ्यांची, आणि विचारले की कुणाचीच नाही.

सुंदरा रोज सकाळी खराटा घेऊन येई. खळ्याच्या कडेला चपला काढी आणि अनवाणी त्या घाणीत उतरे. टाचांना तिच्या बोट जाईल एवढ्या भेगा. भाडोत्री आधी हसले, मग त्यांना सवय झाली.

तिसऱ्या खोलीत चार पोरे राहत. एकदा त्यातल्या एकाने तिच्यासमोरच माझ्यावर पिचकारी टाकली.

"अरे मेल्या, तुझ्या घरी ताटात थुंकतोस काय रे?" सुंदरा ओरडली.

"मावशी, भाडं देतो ना? मग?"

"भाडं खोलीचं देतोस. थुंकायचं नाय देत."

"मग थुंकायचं वेगळं लावा," पोरगा म्हणाला आणि चौघे खदखदून हसले.

महिपत ओटीवर तंबाखू मळत बसला होता. तो तिथूनच म्हणाला, "ओरडू नको गो. खोली रिकामी राहील."

मालक होणे म्हणजे काय, ते मला तेव्हा कळले. घर आपले, भिंती आपल्या, आणि आपल्याच दारात बोलायची चोरी. भाडोत्र्यांची मला किळस येते, पण ओटीवरच्या त्या गप्प बसण्याचीही कमी येत नाही.

सगळेच तसे नव्हते. शेवटच्या खोलीत वंदना होती, डोळखांबकडची. नवरा गोडाऊनवर जाई आणि ती स्वतः एका कंपनीत पॅकिंगला. आपले धुणे झाले की ती माझ्यावर दोन तांबे पाणी ओतून मला घासून जाई. एके दिवशी तिने सुंदराच्या पायांकडे पाहिले.

"मावशी, चप्पल घाला ना गो. पायात केवढ्या भेगा. ही घाण आत जाते."

"खळ्यात पायताण नाय घालत, पोरी."

"आता कुठं खळं राहिलंय? संडास हाय इथं."

"तुला संडास दिसतो. मी इथं भात वारवलाय."

जानेवारीत वंदना म्हसा गावच्या जत्रेला गेली, तिथून तिने काळे रबरी गमबूट आणले.

"हे घ्या, मावशी. चप्पल नाय ही. बूट हायेत."

सुंदरा खूप हसली. "मी काय पोलीस हाय काय गो?" पण बूट तिने पायांत घालून पाहिले, आरशासमोर उभे राहावे तशी खळ्याबाहेर फिरली आणि पुन्हा काढले. त्या दिवसापासून खळ्याच्या कडेला तिच्या चपलांशेजारी ते बूट उभे राहू लागले. आत मात्र ती अनवाणीच येई.

तिला एकच हवे होते. टाकी खळ्यातून काढून मागच्या आंब्याखाली न्यायची. तिथली माती भुसभुशीत होती, पाणी मुरले असते. भावेश मोटारसायकलवरून आला, नाकाला रुमाल लावून मोरीपाशी उभा राहिला, की ती विषय काढी.

"आंब्याखाली सहावी खोली घेतोय, आई. माणूस बघून पण गेलाय."

"आणि ही घाण?"

"पाऊस सरला की बघू. तू कशाला जातेस त्याच्यात? माणूस लावू."

"कधी लावलास?"

"लावतो ना!" म्हणत तो गेला. बूट न मळवता गेला.

त्या वर्षी आषाढात टाकी तुंबली. कुणीतरी संडासात प्लास्टिकच्या पिशव्या आणि लंगोट टाकले होते. कुणी, ते अर्थातच कुणालाच ठाऊक नव्हते. झाकणाच्या कडेने काळे पाणी वर आले आणि कोब्यावर पसरले. उंदीर दिवसाढवळ्या माझ्या अंगावरून फिरू लागले. उपसायची गाडी बोलावली, तर ती वाटेतच अडली. आंब्याकडून येणारी वाट सहाव्या खोलीच्या पायाने बंद झाली होती. गाडीवाला शिव्या देत परतला.

तिसऱ्या खोलीतले एक पोरगे म्हणाले, "मालकीणबाई, काहीतरी करा. वासाने जेवण जात नाय." हातात त्याच्या पुडी होतीच.

महिपत म्हणाला, "माणूस येईल उद्या."

उद्या कुणी आले नाही, परवाही नाही. तेव्हा सुंदराने साडीचा ओचा खोवला, बांबू आणि घमेले घेतले. बुटांपाशी ती क्षणभर थांबली. मी मनात म्हणत होतो, घाल, बाई, घाल. माझी शपथ, घाल. पण दगडाचे कोण ऐकतो? ती अनवाणी उतरली. पोटऱ्या बुडेपर्यंत त्या पाण्यात उभी राहून तिने तोंडाशी अडकलेला बोळा ओढून काढला. वंदना धावत आली, तोवर पाणी ओसरू लागले होते.

"झालं बघ," सुंदरा म्हणाली आणि माझ्यावर टेकून धापा टाकत बसली. तिच्या टाचांतून रक्त येत होते. पाचही खोल्यांच्या मागच्या खिडक्या उघड्या होत्या. त्यांतून बघणाऱ्यांपैकी, वंदना सोडून, एकही माणूस बाहेर आला नव्हता.

आठवड्याने तिला ताप भरला. पोटऱ्या दुखतात, म्हणाली. पुढचे मला वंदनाच्या बोलण्यातून कळले. धुणे धुता धुता ती शेजारणीला सांगत होती. डोळे पिवळे झाले, लघवी बंद झाली. मुरबाडला नेले, तिथून कल्याणला. डॉक्टरांनी विचारले, उंदरांच्या घाण पाण्यात पाय होते काय? भावेशने खाली मान घातली.

सांगताना वंदनाचा हात थांबला होता. नळ तसाच वाहत होता.

दिवसकार्य झाल्यावर भावेश मोरीपाशी आला. आज नाकाला रुमाल नव्हता. खळ्याच्या कडेला आईच्या चपला आणि ते गमबूट अजून तसेच होते. बुटांना आतून कसलाही डाग नव्हता. त्याने आपले बूट काढले, अनवाणी दोन पावले आत टाकली आणि भडभडून ओकला. माझ्यावरच. मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही.

आता टाकी आंब्याखाली आहे. सहावी खोली झाली नाही. उपसायची गाडी वेळेवर येते. वंदना खोली सोडून गेली. माझ्यावर सकाळची लाल पिचकारी अजून पडते.

मित्रांनो, एखादी जागा पवित्र आहे असे मानत असाल, तर आधी तिच्यात घाण करू नका. ज्याला ती साफ करावी लागते, त्याच्या पायांत पायताण असू द्या. खळे त्याने बाटत नाही. मी खळ्यातलाच दगड आहे, माझे ऐका. भाड्याच्या घरात राहा की मालकीच्या, मोरी सगळ्यांची असते. तुंबली तर खिडकीतून बघत बसू नका. खाली या.

सुंदरा २०२४ सालच्या श्रावणात, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, कल्याणच्या दवाखान्यात वारली.