तिसरा गोलकीपर

रेवणसिद्धनं तांब्यातलं चमचाभर पाणी शिक्क्याच्या गादीवर ओतलं आणि बोटानं चोळलं. उन्हानं गादी पार सुकली होती. प्यायचं पाणी असं शाईत जाताना पाहून गुरुबसप्पांच्या कपाळाला आठी पडली, पण त्यांनीच तांब्या पुढं सरकवला. शेवटी संघटनेचे अध्यक्ष तेच होते.

संघटनेचं वय चार दिवस. 'जिल्हा फुटबॉल संघटना' ही अक्षरं कोरलेला शिक्का कालच आला होता. संघटना निघाली तीच मुळी एका कागदापायी. गोलकीपर ताहेरला मुंबईच्या एका कंपनीच्या संघानं बोलावलं होतं आणि जिल्ह्याची 'हरकत नाही' अशी चिठ्ठी मागितली होती. ताहेर दोनदा उस्मानाबादला जाऊन आला. तिथल्यांनी हात वर केले. लातूर आता वेगळा जिल्हा झालाय, तुमचं तुम्ही बघा. लातुरात तर कचेऱ्यांनाच अजून धड खुर्च्या नव्हत्या, फुटबॉलचं कोण बघणार? मग गुरुबसप्पांनी आपल्या डाळमिलमध्येच संघटना काढली. अक्षर चांगलं म्हणून वजनकाट्यावरचा रेवणसिद्ध सचिव झाला. जन्मल्याबरोबर संघटनेचं पहिलं काम काय, तर आपला एकुलता एक नावाजलेला खेळाडू दुसऱ्याला देऊन टाकणं!

वजनकाटा तसा नावालाच होता. ताहेर आणि रेवणसिद्ध, दोघांनाही मिल पगार द्यायची तो खेळायचा. ताहेर मिलच्या संघाचा गोलकीपर, रेवणसिद्ध राखीव गोलकीपर. नांदेडच्या लीगमध्ये सात वर्षं एक गोलात उभा राहिला आणि दुसरा बाहेर बाकड्यावर बसला. बाकीच्या खेळाडूंना आज ना उद्या कुठंतरी जागा मिळते. गोलकीपरचं तसं नाही. एक आत, तर दुसरा बाहेर.

महिन्यापूर्वी मुंबईचं पत्र आलं ते इंग्रजीत होतं. ताहेर उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेला, म्हणून त्यानं ते रेवणसिद्धकडूनच वाचून घेतलं. पगार, राहायला खोली, हजर व्हायची तारीख. रेवणसिद्धनं सगळं वाचलं, एक ओळ तेवढी सोडली. नजरचुकीनं राहिली, असं त्यानं मनाला बरेच दिवस बजावलं. मनाला ते पटलं नव्हतं.

बाहेर पाण्याच्या टँकरचा हॉर्न वाजला. गुरुबसप्पा, सगळ्यांचे अप्पा, उठून रांग लावायला गेले. खोलीत दोघंच उरले.

"मार की शिक्का," ताहेर म्हणाला. "काय बघून राहिला?"

"अप्पा म्हणतेत, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये."

"अप्पाचं ऱ्हाऊ दे. तुला काय वाटतं?"

याचं उत्तर द्यायची रेवणसिद्धला सोय नव्हती. जा म्हणावं, तर जागा स्वतःलाच मिळणार होती. जाऊ नको म्हणावं, तर ताहेर म्हणेल, जळतोय.

"इथं ऱ्हाऊन काय हाय?" ताहेरच पुढं बोलला. "वासरात लंगडी गाय शहाणी. दोन साल पाऊस न्हाई, तूर न्हाई, मिल एकाच पाळीवर आली. उद्या अप्पानं टीम बंद केली की मी पोती उचलायची. सत्तावीसचा झालो, रेवण्या."

रेवणसिद्धनं शिक्का खाली ठेवला. खण उघडून मुंबईचं पत्र काढलं आणि एका ओळीखाली बोट धरलं.

"ही वळ मी तुला वाचून दावली न्हाई."

"काय हाय तिच्यात?"

"त्येंच्याकडं दोन गोलकीपर हायत. तुला तिसरा म्हणून घेऊन राहिलेत."

ताहेरला इंग्रजी येत नव्हतं, तरी तो त्या ओळीकडे बराच वेळ बघत राहिला.

"महिनाभर ठाऊक होतं तुला?"

"हाव."

"मी जावं म्हणून लपवलंस?"

"मी आत यावं म्हणून," रेवणसिद्ध म्हणाला. त्याला फार लाज वाटली, आणि बोलून टाकल्याचं बरंही वाटलं.

टँकरपाशी घागरींची आदळआपट चालली होती. ताहेर आता दोन शिव्या हासडेल, नाहीतर हात तरी उचलेल, म्हणून रेवणसिद्ध मान खाली घालून बसला. ताहेरनं स्टूल ओढलं आणि तोही समोर बसला.

"मंग आता सांग. बसायचं कसं?"

"म्हंजे?"

"सात साल बसलास. मला एक दिस जमायचं न्हाई. शिकव."

रेवणसिद्धनं वर पाहिलं. ताहेर चेष्टा करत नव्हता.

"रोज अंग मोकळं करायचं, आज आपुनच आत जाणार असं समजून. आतल्याच्या पायाकडं बघायचं, बॉलकडं न्हाई. आन् त्याचं वाईट मागायचं न्हाई. मी एकदा मागितलं. नांदेडला तुझा खांदा निखळला, त्या दिवशी. आत गेलो आन् चार गोल खाल्ले."

"पाच," ताहेर म्हणाला आणि हसला. "मार शिक्का."

"तिसरा असून जातूस?"

"तिथं माझ्याहून चांगले दोघं दिसतील तरी. इथं कुणाकडं बघून शिकू?"

हे रेवणसिद्धच्या जिव्हारी लागलं. पण खोटं नव्हतं. त्यानं शिक्का मारला, सही केली आणि शाई वाळेपर्यंत कागद धरून ठेवला.

ताहेर मुंबईला गेला. मृग कोरडाच गेला. त्याच आठवड्यात नांदेडला लीग सुरू झाली आणि रेवणसिद्ध पहिल्याच सामन्यात गोलात उभा राहिला. मैदान दगडासारखं झालं होतं. त्यानं दोन अवघड चेंडू अडवले, दोन्ही कोपरं सोलून घेतली. उत्तरार्धात एक साधा, लहान पोरानंही धरला असता असा चेंडू आला. तो एक पाऊल उशिरा हलला. गोल झाला. त्यानं बाहेर आपल्या जुन्या जागेकडं पाहिलं. बाकड्यावर पिशव्या होत्या आणि पाण्याची कळशी. त्याच्या पायाकडं कोणी बघत नव्हतं.

मिलनं सामना दोन-एकनं जिंकला. परतीच्या एस.टी.त गुरुबसप्पांनी त्याची पाठ थोपटली, गोड्या शेवेचा पुडा त्याच्या हातात दिला.

"सात वर्षांनी जागा मिळाली बघ तुला. आता सोडू नकोस."

रेवणसिद्धनं पुडा मांडीवर ठेवला.

"अप्पा, अजून एक गोलकीपर बघा."

"कशाला? तू हायस की."

"बाकड्यावर बसून माझ्या पायाकडं बघायला."

"येडा हायस का? स्वतःच्या हातानं स्वतःच्या जागेला गिऱ्हाईक आणतूस?"

"बघा तुमी," रेवणसिद्ध म्हणाला. "पर चांगला बघा. माझ्याहून चांगला गावला तर लईच बरं."