शेवटच्या शेवंतीचा फोटो

मित्रांनो, मी एक जुना ट्रायपॉड आहे. कॅमेरा डोक्यावर घेऊन न हलता उभं राहायचं, एवढंच माझं काम. चेन्नईत रेल्वेच्या कचेरीत नोकरी करणाऱ्या उमाकांतरावांनी मला विकत घेतलं. रविवारी पहाटे ते मला शहराजवळच्या कोवलमच्या किनाऱ्यावर नेत. तिथल्या होड्यांचे फोटो पाहून लोक म्हणत, "वा, काय कॅमेरा आहे!" माझं नाव कुणी घेत नसे. तरी ओल्या वाळूत पाय रोवून उभं राहण्यात मला सुख होतं.

निवृत्तीनंतर त्यांनी गच्चीवर बाग केली. कुंड्यांमधून ते कॅमेरा हातात घेऊनच फिरत. मग माझी गरज उरली नाही आणि मी माळ्यावर गेलो. खाऱ्या हवेनं माझ्या एका पायाचा स्क्रू गंजला.

काही वर्षांनी त्यांच्या हातांना कंप सुटला. सगळी फुलं फोटोत पुसट येऊ लागली. "पुरे झालं आता," म्हणत त्यांनी कॅमेराही कपाटात ठेवून दिला.

यंदा मार्चचं ऊन तापलं आणि शेवंती संपत आली. तेव्हा त्यांच्या पत्नीनं, जयवंतीबाईंनी, मला खाली काढून पुसलं. खिडकीजवळच्या टेबलावर स्टीलच्या पेल्यात त्यांनी शेवटची पिवळी शेवंती ठेवली.

"अहो, या जरा."

"कशाला? हात कुठे स्थिर राहतात माझे?"

"कॅमेरा हा धरेल. तुम्ही नुसतं बघा."

पंख्याच्या वाऱ्यानं पाकळ्या हलत होत्या. बाईंनी पंखा बंद केला. दोघं घामानं निथळू लागली. उमाकांतरावांनी टायमर लावून बोट बाजूला घेतलं, आणि नेमका माझा गंजलेला पाय घसरला.

"अय्यो!" बाई ओरडल्या.

उमाकांतरावांनी कॅमेरा दोन्ही हातांनी छातीशी धरला. हात थरथरत होते, पण सुटले नाहीत. मला वाटलं, आता आपण भंगारात जाणार. पण ते जमिनीवर बसले आणि बाईंचा गजरे ओवायचा दोरा माझ्या पायाला घट्ट गुंडाळू लागले. गाठ काही बसेना, तेव्हा बाईंनी तिच्यावर बोट धरलं.

"उभा राहा रे बाबा," ते मला म्हणाले.

मी राहिलो. या वेळी पाकळी न् पाकळी स्वच्छ उमटली. ते कितीतरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "गच्चीवर अजून काय उरलंय गं?"

बाई तोवर जिन्यात पोचल्या होत्या.

मित्रांनो, माझ्यासारख्यांना अधूनमधून तेलाचा थेंब द्या. आणि घरात कुणाचे हात थरथरू लागले, तर त्यांच्या आवडीचं काम काढून घेऊ नका. ते कसं जमेल, तेवढं त्यांच्याजवळ बसून बघा.