वायनरीच्या गेटाबाहेर

“मी गेटाच्या आत पाय टाकणार नाही, आधीच सांगून ठेवतो तुले,” स्कूटर स्टँडवर चढवत जितेंद्र गजभिये म्हणाला.

“हाव बाबा. रस्त्यानं सांगून सांगून माझे कान पिकले,” मेघा कानटोपी काढत म्हणाली. “समोर पार्वतीबाईचं चहाचं दुकान आहे, तिथी बसा. सारे पळून आले का मी येते.”

आणि ती धुक्यात गेटाआड गेलीसुद्धा. गेटावर द्राक्षांचा घड रंगवलेला होता, त्याच्या शेजारी उंच देठाचा ग्लास. जितेंद्रने त्या चित्राकडे पाठ केली आणि तो बाकड्यावर जाऊन बसला. डिसेंबरातली थंडी होती, बाकडे दवाने ओले होते, पण राग असला की माणसाला ओल कळत नाही.

कन्हान नदीच्या काठी, आजूबाजूला सगळी संत्र्याची बागाईत असताना ऋषिकेश नावाच्या तरुण मालकाने द्राक्षे लावली, तेव्हा गावाने त्याला वेड्यात काढले होते. पुढे द्राक्षे लागली, वाइन निघाली, आणि ज्यांनी वेड्यात काढले त्यांच्यातल्या काहींनी गुपचूप वेली आणून आपल्या बांधाला लावल्या. आता नागपूरच्या लोकांनी सुटीच्या सकाळी इथे पळायला यावे, मळा बघावा, नाश्ता करावा आणि ज्याला हवी त्याने वाइन घ्यावी, अशी मालकाची टूम निघाली होती. पळायच्या वाटा आखायचे काम मेघाकडे होते. गावातून निघायचे, नदीच्या बांधावरून वळायचे आणि वेलींच्या ओळींतून परत यायचे. आजची पहिलीच खेप होती.

नोकरी लागल्याचे पेढे घेऊन ती आली, तेव्हा जितेंद्रने पेढा हातात धरून ठेवला होता. घरात रोज संध्याकाळी बुद्धवंदना होई, पंचशील म्हटले जाई. त्यातले पाचवे शील, मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे, हे त्याच्यासाठी नुसते पाठांतर नव्हते. थोरला भाऊ अंकुश दारूपायी गेला होता, आणि त्याला खांदा देताना वजन किती कमी भरले हे जितेंद्रच्या खांद्याला अजून आठवत होते.

“मी पिऊन नाही राहिली बाबा, लोकांले पळवून राहिली,” मेघा म्हणाली होती.

“मीठ त दारूवाल्याचंच ना?”

तेव्हापासून बापलेकीत गॅसचे सिलिंडर, तुरीची डाळ आणि नळाचे पाणी एवढेच विषय उरले होते. आजही तो आला तो केवळ एवढ्या अंधारात पोरीला एकटी पाठवायची नाही म्हणून.

“पोरगी तुमची होय का?” पार्वतीबाईने चहाचा कप पुढे केला. “लय गुणाची आहे गा. काल सांजच्याला सारा गाव चुन्याच्या बाणांनं रंगवून गेली. मले म्हणे, मावशी, ढोरं नका सोडजा सकाळी. अन तुम्ही काहून तोंड पाडून बसले?”

जितेंद्र नागपूरच्या बर्डी बाजारातल्या साड्यांच्या दुकानाच्या दारावर उभा राहून म्हातारा होत आलेला माणूस. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारून आत आणायचे, हेच त्याचे काम. बोलणे हा त्याचा धंदा, त्यामुळे मनातले तो सहसा कोणाला सांगत नसे. पण अनोळखी बाईच्या चहाने की काय, जीभ सैल झाली.

“रागावून नाही राहिलो वं बाई. भेव वाटते. ती पिणार नाही, मले माहीत आहे. पण मोठ्या लोकांत बसलं-उठलं का पोरं आपल्या घरचं सांगाले लाजतात. आज नाही लाजत, उद्या लाजन.”

पार्वतीबाई रस्त्याकडे बघत होती. “अगं माय,” ती म्हणाली, “हे लोक कुठी जाऊन राहिले?”

पळणारे आले होते. रंगीबेरंगी टीशर्ट, छातीवर नंबर, तोंडातून वाफा. चौकापर्यंत मंडळी झोकात आली आणि तिथे त्यांचे गाडे अडले, कारण चौकात बाण नव्हता. मेघाने काल संध्याकाळी बाण काढले होते खरे, पण मधे गावाची सकाळ येणार हे तिच्या ध्यानात आले नव्हते. पहाटे बायकांनी नेहमीसारखी अंगणे झाडली, शेणाचा सडा घातला, आणि दारापुढचे बाण त्या सड्याखाली गडप झाले. एका सुनेला तर आयताच पांढरा बाण मिळाला म्हणून आनंद झाला असावा. तिने त्याला पाकळ्या काढून सुरेख कमळ केले होते.

आता त्या कमळाभोवती शहरातली माणसे घोळका करून उभी होती. काही गोठ्याकडे वळली आणि म्हशीला बघून माघारी फिरली. एक साहेब कोणाच्या तरी अंगणात शिरले, तुळशीला वळसा घालून बाहेर आले आणि पुन्हा त्याच अंगणात शिरले. घरची म्हातारी हात जोडून उभी राहिली.

जितेंद्रने हसू दाबले, पण ते लगेच विरले. हे सगळे मेघाच्या नावावर जाणार होते. आजचा विचका झाला तर आत गेटाशी उभी असलेली आपली पोरगी सगळ्यांपुढे खाली मान घालणार, हे त्याला दिसले. दारूवाल्याचे काम का असेना, मान तर पोरीचीच होती.

“वाट कोणती होय वं बाई?”

“डावीकडची. खाली बांधावर उतरते ते.”

कप तसाच ठेवून तो चौकात जाऊन उभा राहिला. एक हात कमरेवर, दुसरा लांब पसरलेला. आणि छातीतून आवाज निघाला तो अगदी बर्डीचा, दिवाळीच्या गर्दीवरून पलीकडच्या फुटपाथला ऐकू जाणारा.

“या ताई, या! या साहेब! इकडून, डावीकडून! बघत उभे राहू नका, या, या! पाहायचे पैसे नाही लागत!”

शेवटचे वाक्य सवयीने निघून गेले. त्याने जीभ चावली, पण पळणारे खो खो हसत वळले. तुळशीवाले साहेबही आले. पार्वतीबाई उलथणे हातात घेऊनच गोठ्याच्या तोंडाशी उभी राहिली आणि ज्याची पावले तिकडे वळत त्याला हुसकून परत पाठवू लागली. कमळवाली सून ओशाळून पुढे आली, तिने चुना आणून नवा बाण काढला. हळूहळू सारा घोळका बांधाकडे उतरला आणि चौक मोकळा झाला.

जितेंद्र घाम पुसत बाकड्याकडे निघाला, तोच वळणावर एक बाई दिसली. चाळिशीतली, अंगाने भरलेली, एक हात बरगडीवर धरून चाललेली. ती चौकात येऊन मटकन ओट्यावर बसली आणि रडायलाच लागली.

“मुझसे नहीं होगा, भैया. सारे पुढे गेले. मी ऑटो बोलावते.”

“इथी ऑटो नाही भेटत, ताई. थोडंच राहिलं आहे. कुठच्या तुम्ही?”

“लकडगंज.” तिने डोळे पुसले आणि त्याच्याकडे निरखून पाहिले. “एक मिनिट. तुम्ही बर्डीतले ना? मघाशी आवाज ऐकला तेव्हाच वाटलं. माझ्या लग्नाच्या साड्या तुम्हीच हाका मारून मारून घ्यायला लावल्या होत्या. मी हर्षा.”

“मंग आता त माझं ऐकाच. उठा, मी येतो संगं.”

दोघे बांधावर उतरले. धुके विरत होते, नदीचे पाणी संथ चमकत होते. हर्षाताई दम खात बोलत राहिली. मुली हसतात, नवरा म्हणतो तुझ्याने होणार नाही, म्हणून हट्टाने नाव दिले. जितेंद्र हूं हूं करत राहिला. आपणही पोरीच्या कामाला हसलो नसलो तरी तिच्या पाठीशी कधी उभे राहिलो नाही, हे त्याला चालता चालता टोचले.

बोलण्याच्या नादात बांध संपला. हाताला गार तार लागली तेव्हा त्याने वर पाहिले. दोन्ही बाजूंना वेली होत्या, हिरव्या कच्च्या मण्यांचे घड लोंबत होते. मागच्या बाजूने मळ्याला गेटच नव्हते. तो थांबला.

“काय झालं, भैया?” हर्षाताईने विचारले.

पलीकडे, ओळीच्या टोकाला मेघा दिसत होती. सगळे येऊन पोचले होते, टाळ्या, हसणे, नाश्त्याचा वास, आणि ती एकटी पाठमोऱ्या गर्दीपासून दूर येऊन वाटेकडे डोळे लावून उभी होती. शेवटचे माणूस आल्याशिवाय तिची सकाळ संपणार नव्हती.

“काही नाही,” जितेंद्र म्हणाला. “चला.”

मेघाने आधी हर्षाताईला पाहिले आणि हात उंचावला. मग तिच्या शेजारचा माणूस ओळखला आणि तो हात तसाच वर राहिला. हर्षाताई शेवटच्या रेघेवरून गेली तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. “मेघा मॅडम, हेच ते काका!” कोणीतरी ओरडले. जितेंद्र चपापला. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांना मॅडम म्हटले होते. आपल्या घरातल्या कोणाला तसे म्हटलेले त्याने आज पहिल्यांदा ऐकले, आणि त्याचा ऊर भरून आला.

ऋषिकेश स्वतः ट्रे घेऊन पुढे आला. “काका, आज तुम्ही आमची अब्रू वाचवली. मळ्याची पहिली वाइन. पहिला ग्लास तुमचा.”

सगळे बघत होते. नाही म्हणावे तर मालकाचा अपमान, पोरीची अडचण. तिच्यासाठी ग्लास नुसता हातात धरावा, ओठाला लावू नये, एवढे तर करता येईल, असे जितेंद्रच्या मनात आले. त्याचा हात अर्धा वर आलाही.

“नाही सर,” मेघाचा आवाज आला. तिने तो मुळीच खाली आणला नव्हता. “बाबा घेत नाहीत. आमच्या घरी कोणीच घेत नाही. आम्ही पंचशील पाळतो.”

“माफ करा काका, मला विचारायला हवं होतं,” म्हणत ऋषिकेशने ट्रे मागे घेतला. मेघाने टेबलावरचा एक कोरा ग्लास उचलला, माठातून काठोकाठ पाणी भरले आणि सगळ्यांच्या मधून चालत येऊन बापापुढे धरला.

त्या उंच देठाच्या ग्लासातले पाणी जितेंद्र गजभिये भर सभेत, ताठ उभा राहून, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. मग त्याने रिकामा ग्लास लेकीच्या हातात दिला.

“अजून आण वं,” तो म्हणाला. “लय वरडलो आज.”