योग्य ठिकाण

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा कचेरीत टेबलं नवी आली, शिक्के नवे आले, भाषा मात्र जुनीच राहिली. त्या भाषेवर टायपिस्ट गुणाचा भारी जीव. नांदेडला टायपिंग शिकून ती तालुक्याच्या टंचाई शाखेत लागली आणि बघता बघता 'उपरोक्त', 'यथावकाश', 'योग्य ती कार्यवाही' हे शब्द तिच्या बोटांतून आपोआप पडू लागले. नायब तहसीलदार अमृतराव तिच्या मसुद्यांवर बेहद्द खूश. जे कुणाला दुखवत नाही आणि कुणाच्या हाती सापडत नाही ते खरं सरकारी पत्र, असं ते म्हणत.

मग दुष्काळ पडला. टँकरचे आदेश निघू लागले. गुणाच्या स्वतःच्या गावाचा आदेशही तिनंच लिहिला. 'टँकरने योग्य त्या ठिकाणी पाणी सोडावे.' वाक्य तिला मोठं देखणं वाटलं.

रविवारी अहमदपूरला एसटी बदलून ती गावी गेली, तर तिची माय भामाबाई घरात नव्हती. ती बौद्धवस्तीतल्या इतर बायांसोबत मारुतीच्या पारापुढच्या विहिरीवर, भर उन्हात, रिकामी घागर घेऊन बसली होती. टँकर त्याच विहिरीत सुटला होता. गावातल्या बायांचं भरून झालं, की त्यांच्यातल्या एखादीच्या मनात येईल तेव्हा ती बौद्धवस्तीच्या घागरींत वरून पाणी ओतणार. वस्तीच्या बायांनी पोहऱ्याला हात लावायचा नाही. वस्तीची स्वतःची विहीर होती, ती कोरडीठाक. तिच्यात एक खेप टाका असं टँकरवाल्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"सरपंच म्हणले, योग्य ठिकाण हेच," माय म्हणाली. "कागदात तसंच हाय म्हणं. कुणी लिव्हला गं असला कागद?"

"मीच, माय."

भामाबाईनं रिकामी घागर तिच्यापुढं उपडी केली. गुणाला आपल्या देखण्या वाक्याची शिसारी आली.

सोमवारी तिनं नवा मसुदा साहेबांपुढं ठेवला. 'टँकरची पहिली खेप बौद्धवस्तीच्या विहिरीत सोडावी.' अमृतरावांनी तांबड्या शाईनं ओळ खोडली आणि वर 'योग्य त्या ठिकाणी' लिहिलं. तिनं पुन्हा आपलंच टाइप केलं. त्यांनी पुन्हा खोडलं. सकाळभर हाच खेळ चालला आणि शिपाई कागद पोचवून वैतागला.

"गुणाबाई, हट्ट कशाला करता?" अमृतराव शेवटी म्हणाले. "ठिकाण लिहिलं की जबाबदारी येते. उद्या सरपंच माझ्या दारात उभा राहील."

"आज माझी माय त्यांच्या विहिरीवर बसून हाय, साहेब. पोहऱ्याला हात लावू देत न्हाईत."

अमृतराव माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त कशातच सापडायचं नव्हतं.

गुणानं सरळ आपलं मशीनच उचलून त्यांच्या टेबलावर आणून ठेवलं. कोरा कागद चढवला.

"बरं. योग्य ठिकाण कोणतं, ते तुम्हीच तोंडानं सांगा. सांगाल तेच टाइप करते. पारापुढची विहीर म्हणा, तेही लिहिते. खाली सही तुमची."

अमृतरावांचे ओठ हलले. पण शिवाशीव चालते ते ठिकाण सरकारनंच नेमलं असा पुरावा होईल, म्हणून 'पारापुढची' या शब्दाखाली सही ठोकायची त्यांची छाती होईना.

"वस्तीची," ते पुटपुटले.

"मोठ्यानं सांगा, साहेब. मशीनला ऐकू जाईना."

"बौद्धवस्तीच्या विहिरीत! लिहा!" साहेब ओरडले आणि रागारागात सही करून मोकळे झाले.

पुढच्या खेपेला गुणा रजा टाकून गावात हजर होती. सरपंच अण्णाराव पारापुढं टँकरला आडवे आले. "हितंच सोड, नेहमीसारखं."

टँकरवाला चन्नबसप्पा खाली उतरलाच नाही. त्यानं कागद खिडकीबाहेर धरला. "न्हाई मालक. आजवर ठिकाण तुम्ही दावत होता. आता साहेबानं लिव्हलंय. दुसरीकडं सोडलं तर माझी नोकरी जाईल."

अण्णारावांनी कागद वाचला, उलटून पाहिला, पुन्हा वाचला. त्यात शिरायला कुठं फटच नव्हती. ते बाजूला झाले.

टँकर वस्तीच्या विहिरीत रिकामा झाला. भामाबाईनं आपल्या हातानं पोहरा सोडला, आपल्या हातानं ओढला, आणि घागर भरायच्या आधी तो लेकीपुढं धरला.

"पी," ती म्हणाली. "आता नीट लिव्हलंस."