ऑर्लिनकाकांचं अर्धं राहिलेलं वाक्य

रविवारच्या प्रवचनाचा एक तुकडा कुणीतरी इंटरनेटवर टाकला आणि पास्टर कारिनचा जीव फोनमध्ये अडकला. अनोळखी लोक तिला शिव्या घालत होते, अनोळखी लोकच तिची बाजू घेऊन भांडत होते. बायबल उघडलं तरी डोळे अक्षरांवरून नुसते घसरत. प्रार्थनेला बसली की मनात त्या लोकांना द्यायची उत्तरं जुळू लागत.

त्यातच ऑर्लिन टॉर्गर्सन यांचा निरोप आला. म्हातारा आता काही दिवसांचाच सोबती होता. लेक लोइस औषधं आणायला गावात गेली होती. ती परतायच्या आत त्यांना काहीतरी बोलायचं होतं. कारिन लगेच त्यांच्या घरी जाऊन पलंगाशेजारी बसली.

"पास्टरबाई, हे मी बायकोलाही सांगितलं नाही," ते धापा टाकत म्हणाले. "माझा धाकटा भाऊ तळ्यात बुडून गेला ना, त्या दिवशी मी..."

कारिनच्या खिशात फोन थरथरला. तिने दुर्लक्ष केलं. पुन्हा थरथरला. त्या प्रवचनावरून बिशपसाहेबांचा फोन असेल तर? तिने फक्त एक नजर टाकली.

मान वर केली तर म्हाताऱ्याचं तोंड मिटलेलं.

"बोला ना काका. तुमचा भाऊ..."

"राहू द्या. तुमची कामं मोठी."

"चुकलं माझं. खरंच."

त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. "यंदा बर्फ लवकर पडला," एवढंच म्हणाले.

कारिन ताडकन उठली, अंगणातल्या गाडीत फोन टाकून आली आणि खुर्ची पलंगाला खेटवून बसली. ऑक्सिजनचं यंत्र फुसफुसत होतं. तिच्या डोक्यात मात्र ती अनोळखी माणसं अजून भांडतच होती. लोइस कुठल्याही क्षणी येईल. आणि हा माणूस ते ओझं तसंच घेऊन जाईल, माझ्यापायी! 'देवा, माझं मन इथे बसव,' ती मनात म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिच्याकडून खरी प्रार्थना झाली होती.

"गेला का तो?" काकांनी डोळे न उघडताच विचारलं.

"कोण?"

"तुमच्या खिशातला पाहुणा."

"हाकलला."

त्यांनी डोळे उघडले. मग ते हळूच म्हणाले, "गोठलेल्या तळ्यावरचा बर्फ पातळ आहे, हे मला माहीत होतं. तरी मी त्याला म्हटलं, भित्रा आहेस, जा पुढे. तो गेला."

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. कारिनने घाई केली नाही. त्यांच्या कपाळावर हात ठेवून तिने देवाच्या नावाने क्षमेचे शब्द म्हटले. आजवर नुसते पाठ म्हटलेले ते शब्द आज तिने त्यांच्याकडे बघत एकेक करून म्हटले. काकांनी तिचं मनगट घट्ट धरलं.

"बाबा, रडताय?" दारातून लोइसने घाबरून विचारलं.

"कॉफी टाक," ते म्हणाले. "पास्टरबाई थांबतायत आज."

आणि कारिन थांबली.