उभ्या बाईची साडी

कार्तिकातलं ऊन सांगलीच्या कापडपेठेत सावकाश उतरतं. आधी वरच्या मजल्यांच्या कठड्यांवर रेंगाळतं, मग पाट्यांवरून ओघळतं आणि शेवटी दुकानांच्या दर्शनी काचांपाशी येऊन थांबतं. पीतकोमल, निवांत, नुकतं न्हालेलं ऊन. त्या उन्हात काच दिसत नाही, काचेमागचं तेवढं दिसतं.

काचेमागे त्या दिवशी लग्नसराई उभी होती. हळदपिवळी, शेवाळहिरवी, मोरपंखी, राणी. जरीकाठांची, रेशीमपदरांची निःशब्द वरात. मध्ये नतनयना नवरी, दोन्ही बाजूंना करवल्या, आणि साऱ्यांच्या ओठांवर कारखान्यातून आलेलं एकच हसू. दुकानात त्यांना पुतळ्या म्हणत.

ही काच श्रीरंग माने सजवत असे. केस काळे होते तेव्हापासून सजवत असे. निऱ्यांच्या पोटात तो कागदाच्या पट्ट्या सरकवी, पाठीमागून टाचण्या मारी, पदराला तंगुसाचा न दिसणारा दोरा बांधून तो छताला असा टांगी, की वारा नसतानाही पदर वाऱ्यावर आहे असं वाटावं. मग रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर जाई, डोळे बारीक करी, परत येऊन एखादी निरी नखभर हलवी. एका पुतळीची बोटं तुटली होती. तिचा हात तो पदराखाली असा काही घेई, की ती लाजते आहे असं वाटे.

येणारीजाणारी माणसं थबकत. बायका नवऱ्याचा दंड धरून त्याला थांबवत. मालक खूश असत, आणि खरं सांगायचं तर श्रीरंगही स्वतःवर बेहद्द खूश असे.

घरी मात्र पदर नव्हता, निऱ्या नव्हत्या. श्रावणात त्याच्या बायकोच्या, शालनच्या, अंगावरून वारं गेलं. डावा पाय हळूहळू परत आला, जरा ओढत, जरा रुसत. डावा हात आला नाही. पहाटे अंघोळ करून, लुगड्याचा काठ सारखा करूनच चुलीपुढे जाणारी ही बाई तेव्हापासून गाऊनवर होती, वरून टॉवेल. चालता येत होतं, पण उंबऱ्याबाहेर ती पाऊल टाकत नव्हती. गौरी आल्या, गेल्या. दसरा गेला, दिवाळी गेली. शेजारणी नेसवून द्यायला आल्या, त्यांना तिने चहा पाजून परत पाठवलं. कीव तिला सोसत नसे.

आणि आता तिच्या धाकट्या बहिणीच्या लेकीचं, रेवतीचं, मिरजेत लग्न होतं. बहीण केव्हाच गेली होती. रेवती शालनच्याच कुशीत वाढली होती, त्यामुळे मांडवात आईच्या जागी शालनच हवी होती. दुसरं कोणी त्या जागी उभं राहावं हे रेवतीला नको होतं, आणि शालनलाही नको होतं.

"गाऊनवर न्हेणार व्हय मला मांडवात? तुमी जाऊन या," शालन म्हणाली.

"मी नेसवतो की. बायांना नेसवायचं, हेच तर काम माझं."

"त्या काय बाया हायत वो?"

पण लग्नाच्या दिवशी सकाळी ती उभी राहिली. खिडकीतून ऊन आलं होतं. श्रीरंगने तिची डाळिंबी इरकल इस्त्री केली, घडी मोडली, आणि खोलीभर रंग सांडला. डाळिंबी अंग, गर्दजांभळे काठ, पांढऱ्या दातऱ्यांचा पदर. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने बायकोच्या निरीला कधी हात लावला नव्हता. आता लावला, आणि त्याची बोटं कामाला लागली. निरीवर निरी, निरीवर निरी. मागे टाचण्या. गुडघ्याशी चापूनचोपून घेतलेला घोळ. खांद्यावर पक्का बसवलेला पदर, आणि त्या पदराखाली, हलकेच, नकळत, डावा हात.

मग तो मागे सरकत दारापर्यंत गेला आणि त्याने डोळे बारीक केले.

शालन सुंदर दिसत होती. दीपशिखेसारखी सरळ, काठापदरात रेखलेली. श्रीरंगचा ऊर भरून आला.

"चल," तो म्हणाला, "रिक्षा येईल आता."

शालनने पाऊल उचलू पाहिलं. ते उचललं गेलं नाही. निऱ्या गुडघ्यांना आवळून बसल्या होत्या. तिने कॉटवर टेकायला पाहिलं, तर कमरेत टाचणी टोचली. ती पुन्हा उभी राहिली, खोलीच्या मधोमध, हलायची सोय नसलेली. तिचे डोळे भरून आले.

"ही उभ्या बाईची साडी झाली वो," ती म्हणाली. "मला चालायचं हाय. बसायचं हाय. पोरीला पोटाशी धरायचं हाय."

श्रीरंगला लाज वाटली. लाजेहून जास्त भीती वाटली. ही आता गाऊन मागेल, कॉटवर बसेल, आणि मग या घराबाहेर कधीच पडणार नाही. तो खाली बसला आणि एकेक टाचणी काढू लागला. डाळिंबी रेशीम तिच्या पायांशी गळून पडलं.

पण शालनने गाऊन मागितला नाही.

"आता मी सांगते तसं करा," ती म्हणाली. "उजवा पाय म्होरं टाकलाय बगा. तेवडा घोळ सोडा. सोडला? आता मी श्वास भरून घेते. पोट भरलं की मग निऱ्या खोचा. आदी न्हाई."

तिने श्वास भरून घेतला. त्याने निऱ्या खोचल्या. तिने श्वास सोडला, आणि कमरेशी बोटभर जागा मोकळी झाली. त्या बोटभर जागेत बाईचं सगळं बसणं, उठणं, जेवणं, हसणं मावतं. श्रीरंगच्या हातून आजवर ती जागा कधी सुटली नव्हती, कारण त्याच्या पुतळ्या श्वास घेत नव्हत्या.

एक निरी जाड झाली होती. त्याचा हात तिकडे गेला.

"असू दे."

मग तो पदराकडे गेला.

"हात झाकू नगा," शालन म्हणाली. "लोक एकदा बगतील, दोनदा बगतील. मग आपापल्या ताटाकडं बगतील."

तो हसला. तीही हसली. साडी खांद्यावरून किंचित ढळली, आणि तिने ती उजव्या हाताने स्वतःच सावरली. रिक्षात ती स्वतः चढली.

मिरजेच्या मांडवात सनई होती, अत्तर होतं, अक्षतांचा लाल-केशरी पाऊस होता. लोकांनी एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं. आईच्या जागी शालन उभी राहिली, बसली, पुन्हा उभी राहिली. दुपार कलली. ऊन कनातीच्या फटींतून तिरपं उतरलं, सुवर्णधूसर, थकलेलं. पाठवणीची वेळ झाली.

रेवती सगळ्यांच्या पाया पडत आली आणि शालनपाशी येऊन थांबली. वाकली नाही. तिने मावशीचा तो निपचित डावा हात उचलला, स्वतःच्या ओल्या गालावर ठेवला, आणि तशीच तिच्या अंगावर कोसळली.

शालन डगमगली, पण पडली नाही. मोकळ्या घोळात तिचा एक पाय मागे गेला, रोवला गेला, आणि उजव्या हाताने तिने पोरीची पाठ कवेत घेतली.

श्रीरंग दोन पावलांवर उभा होता. एक निरी चुरगळली. मग दुसरी. मग साऱ्या. पदर खांद्यावरून सुटला, कोपराशी अडला, खाली आला. त्याचे हात दोन्ही बाजूंना स्वस्थ होते. रेवतीचा हिरवा शालू आणि डाळिंबी इरकल, कुठली चुणी कुणाची ते कळेना. कनातीतलं ऊन त्यांच्यावर हललं, आणि त्या दोघी डुलत राहिल्या, संथ, संथ, एका श्वासात.